चलशिल्पांचे जनक अलेक्झांडर कॅल्डर

विद्यार्थिमित्रहो, आज 'मोबाईल' हा शब्द कानी पडताच प्रत्येकाचा हात नकळत खिशाकडे वळतो. परंतु या शब्दास दूरध्वनीचा अर्थ प्राप्त होण्यापूर्वी कितीतरी वर्षे तो एका निराळ्याच वस्तूचे नाव होता. छतापासून बारीक तारेने टांगलेली, पत्र्याच्या रंगीत पाकळ्यांची, वाऱ्याच्या झुळुकीसरशी सावकाश फिरणारी जी शिल्पाकृती, तिला १९३१ साली पॅरिस नगरीत हे नाव मिळाले. आपल्या घरी तान्ह्या बाळाच्या पाळण्यावर जे चिमणाळे बांधतात, त्याचेच हे एक थोर आणि विचारी भावंड होय. जगातील मोठमोठ्या सभागृहांत, विमानतळांवर आणि संग्रहालयांत माणसांच्या डोक्यावर तरंगणारी अशी शिल्पे ज्यांनी प्रथम निर्माण केली, त्या अलेक्झांडर कॅल्डर यांचे चरित्र आज आपणांस सांगावयाचे आहे. त्यांना जाऊन आता बराच काळ लोटला. तथापि त्यांच्या आयुष्यात आपल्या विद्यार्थ्यांस, आणि विशेषतः त्यांच्या पालकांस, विचार करावयास लावणारे पुष्कळ आहे.

कॅल्डर यांचा जन्म २२ जुलै १८९८ रोजी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया प्रांतात, लॉन्टन या गावी झाला. त्यांच्या घराण्यात शिल्पकला पिढीजात चालत आली होती. आजोबा अलेक्झांडर मिल्न कॅल्डर हे स्कॉटलंडहून अमेरिकेत आलेले मूर्तिकार. फिलाडेल्फिया शहराच्या नगरभवनाच्या उत्तुंग मनोऱ्यावर विल्यम पेन यांचा जो प्रचंड पुतळा उभा आहे, तो त्यांचाच. हा कांस्याचा पुतळा ३७ फूट उंच असून त्याचे वजन सुमारे २७ टन आहे. वडील अलेक्झांडर स्टर्लिंग कॅल्डर हेही नामांकित मूर्तिकार होते आणि आई नॅनेट चित्रकर्ती होती. जड दगड आणि जड धातू यांच्या सहवासात वाढलेल्या या घराण्यातील नातवाने पुढे शिल्पास भारमुक्त करून हवेत सोडावे, हा मोठा विलक्षण योग म्हटला पाहिजे.

बाळ अलेक्झांडरला घरी सर्व जण सँडी म्हणत. वडिलांच्या कामामुळे आणि प्रकृतीमुळे या कुटुंबाला वारंवार बिऱ्हाड हलवावे लागे. परंतु नव्या घरी गेल्यावर आईबाप एक गोष्ट अगत्याने करीत. सँडीस हत्यारे घेऊन बसण्यासाठी ते एखादी निराळी खोली किंवा तळघराचा कोपरा मोकळा करून देत. तारेचे तुकडे, लाकडाच्या फळ्या, पत्र्याच्या कापट्या हीच त्याची दौलत. बहीण पेगी हिच्या बाहुल्यांसाठी तो तारेचे दागिने करी. १९०९ सालच्या नाताळात अकरा वर्षांच्या सँडीने आईवडिलांस भेट म्हणून पितळी पत्रा कापून व वाकवून दोन प्राणी केले : एक कुत्रा आणि एक बदक. त्यांतील बदकास बोट लावताच ते पुढेमागे डुलत असे. ज्याला पुढे जगाने चलशिल्प म्हणून नावाजले, त्याचा पहिला अंकुर या चिमुकल्या बदकात दिसतो.

आता एक प्रश्न आपल्या मनात सहजच येईल. आजोबा कलावंत, वडील कलावंत, आई कलावती. मग हा मुलगा सरळ कलाशाळेतच गेला असेल? तसे घडले नाही. कलेवर पोट भरणे किती कठीण असते, हे आईवडिलांनी स्वतः अनुभवले होते. आपल्या मुलाच्या वाट्यास ती ओढाताण येऊ नये, अशी त्यांची इच्छा होती. मुलासही यंत्रांची आवड होती. त्यामुळे १९१५ साली त्याने न्यू जर्सीतील होबोकन येथील स्टीव्हन्स तंत्रविद्यालयात प्रवेश घेतला आणि १९१९ साली तो यंत्रशास्त्राची पदवी घेऊन बाहेर पडला.

पदवी मिळाली, पण मार्ग सापडला नाही. पुढील तीनचार वर्षे या तरुण पदवीधराने एकामागून एक नोकऱ्या धरल्या आणि सोडल्या. कोठे नकाशे काढण्याचे काम केले, कोठे जलयंत्रांच्या व मोटारगाड्यांच्या क्षेत्रातील अभियंत्यांच्या हाताखाली राबले, तर कोठे जंगलातील लाकूडतोडीच्या छावणीत मजुरांच्या वेळेची नोंद ठेवली. १९२२ साली ते एका उतारू जहाजाच्या भट्टीखान्यात कामास लागले. ते जहाज पनामा कालव्यातून जाऊन ग्वातेमाला देशाच्या किनाऱ्याजवळून चालले असता एके दिवशी पहाटे त्यांस डेकवर जाग आली. पाहतात तो समुद्र शांत, एका क्षितिजावर तांबडा सूर्य वर येत आहे आणि दुसऱ्या क्षितिजावर चंद्र रुपेरी नाण्यासारखा लोंबत आहे. कोणताही आधार न दिसता दोन गोल अंतराळात समोरासमोर तोलून धरलेले! हे दृश्य त्यांच्या मनावर जन्मभर कोरलेले राहिले. पुढे लाकूडतोडीच्या छावणीत असताना हिमाच्छादित पर्वत पाहून त्यांस राहवेना. त्यांनी घरी पत्र लिहून रंग मागविले आणि मोकळ्या वेळात चित्रे काढण्यास आरंभ केला.

अखेरीस १९२३ साली त्यांनी न्यूयॉर्क येथील कलाविद्यार्थ्यांच्या प्रसिद्ध संस्थेत नाव घातले. चरितार्थासाठी ते एका नियतकालिकास रेखाचित्रे देऊ लागले. १९२५ साली त्या नियतकालिकाच्या कामानिमित्त त्यांस दोन आठवडे एका मोठ्या सर्कशीत फिरण्याची मुभा मिळाली. तेथील झोके, तारा, दोऱ्या आणि अधांतरी तोल सांभाळणारे कसरतपटू यांनी त्यांचे मन पुरते वेधून घेतले. १९२६ साली ते पॅरिसला गेले व तेथे तार, कापड, बूच, लाकूड अशा क्षुल्लक वस्तूंपासून त्यांनी एक चिमुकली सर्कस तयार केली. ती पेट्यांत भरून ते मित्रांच्या घरी नेत आणि जमिनीवर गुडघे टेकून स्वतःच्या हाताने सर्व खेळ करून दाखवीत. पॅरिसमधील मोठमोठे कलावंत ही सर्कस पाहावयास येत. बाहेरून पाहणाऱ्यास हा केवळ पोरखेळ वाटला असता. परंतु वस्तूचा तोल कोठे राहतो, कोठे सुटतो आणि सुटलेला कसा सावरतो, याचा अभ्यास या खेळातूनच चालला होता.

१९३० सालच्या ऑक्टोबरात एक महत्त्वाची घटना घडली. ते पीट मॉन्द्रियान या डच चित्रकाराची चित्रशाळा पाहण्यास गेले. तेथील पांढऱ्या भिंतीवर तांबड्या, पिवळ्या व निळ्या रंगांचे चौकोनी पुठ्ठे लावलेले होते. हे चौकोन हलते असते तर किती बहार येईल, असे कॅल्डर यांनी सुचविले. मॉन्द्रियान यांस ती कल्पना मुळीच रुचली नाही. आपली चित्रे स्थिर असूनही पुरेशी वेगवान आहेत, असे त्यांचे मत पडले. परंतु कॅल्डर घरी परतले ते नवी दृष्टी घेऊनच. १९३१ सालच्या जानेवारीत त्यांचा लुइझा जेम्स या विद्वानांच्या घराण्यातील कन्येशी विवाह झाला आणि त्याच वर्षी त्यांची हलणारी शिल्पे आकारास आली. मार्सेल द्युशाँ या कलावंताने त्यांस 'मोबाईल' हे नाव सुचविले. फ्रेंच भाषेत या शब्दाचे दोन अर्थ होतात : हलणारे, आणि कृतीमागील हेतू. पुढील वर्षी झाँ आर्प यांनी त्यांच्या न हलणाऱ्या शिल्पांस 'स्टेबाईल' असे नाव दिले. आपण त्यांस अनुक्रमे चलशिल्प आणि अचलशिल्प म्हणू.

आरंभीची काही चलशिल्पे हाताच्या दांड्याने किंवा विजेच्या लहान यंत्राने फिरत. पण यंत्राची गती ठरीव. तीच ती फेरी पुन्हा पुन्हा. लवकरच कॅल्डर यांनी यंत्र दूर केले आणि शिल्प वाऱ्याच्या स्वाधीन केले. वारा कोणत्या क्षणी कोणीकडून येईल याचा नेम नाही, म्हणून शिल्पाचे रूपही क्षणोक्षणी निराळे.

विद्यार्थिमित्रहो, ही किमया कशी साधते ते आपण नीट समजून घेऊ. कारण तिचे मूळ आपल्या पाठ्यपुस्तकातील तरफेच्या नियमातच आहे. १२ इंच लांबीची एक हलकी काडी घ्या. तिच्या एका टोकास १० ग्रॅम वजनाची पाकळी बांधा आणि दुसऱ्या टोकास २० ग्रॅमची. काडी मध्यावर टांगली तर ती जड बाजूस कलंडेल. परंतु हलक्या पाकळीपासून ८ इंचांवर, म्हणजेच जड पाकळीपासून ४ इंचांवर, दोरा बांधला तर १० गुणिले ८ आणि २० गुणिले ४ हे दोन्ही गुणाकार ८० येतात आणि काडी समतोल राहते. दूर उभा असलेला हलका, जवळ उभ्या असलेल्या जडास तोलून धरतो. आता ही सबंध काडी ३० ग्रॅमचा एक नग समजून वरच्या दुसऱ्या काडीच्या टोकास अडकवावयाची आणि तिच्या दुसऱ्या टोकास योग्य अंतरावर योग्य भार द्यावयाचा. म्हणजे चलशिल्पाची रचना तळापासून वर करीत जावी लागते. सर्वांत खालची, सर्वांत लहान पाकळी आधी. छताचा आकडा सर्वांत शेवटी. खालच्या एका पाकळीत किंचित फरक केला की वरच्या प्रत्येक काडीचा टांगणबिंदू बदलावा लागतो. वाण्याच्या तराजूतील पासंग एकदाच पाहावा लागतो. येथे प्रत्येक पायरीवर पाहावा लागतो. कॅल्डर पत्रा कात्रीने कापीत, तार पकडीने वळवीत आणि तोलाचा बिंदू बहुधा हातानेच अजमावीत. पण त्या हातामागे चार वर्षांचे यंत्रशास्त्राचे शिक्षण उभे होते. वायफळ गेलेली वाटणारी ती पदवी अशी फळास आली.

१९३९ साली न्यूयॉर्क येथील आधुनिक कलासंग्रहालयाच्या नव्या इमारतीच्या जिन्याच्या चौकात त्यांचे एक चलशिल्प टांगण्यात आले. ते पोलादी तार व ॲल्युमिनियमचा पत्रा यांचे असून शेवंडे पकडण्याचा पिंजरा आणि माशाची शेपटी यांची आठवण करून देते. महायुद्धाच्या काळात धातूची टंचाई पडली, तेव्हा त्यांनी लाकडाचे तुकडे आणि तार यांवर काम भागविले. युद्ध संपताच पॅरिसमध्ये प्रदर्शन भरविण्याचे ठरले. तेव्हा त्यांनी सुटी होणारी लहान शिल्पे करून ती चक्क टपालाने समुद्रापार धाडली. ज्यांच्या आजोबांचा पुतळा मनोऱ्यावर बसविण्यास १८९४ साली मोठा खटाटोप पडला, त्यांच्या नातवाची शिल्पे पोस्टाच्या पुडक्यात मावत होती!

परंतु लहान चलशिल्प करणे निराळे आणि हजारो माणसे ज्याखालून ये-जा करतात अशा विशाल दालनासाठी ते करणे निराळे. १९५३ सालच्या सुमारास दक्षिण अमेरिकेतील काराकास विद्यापीठाच्या महासभागृहाचे काम चालू होते. वास्तुशिल्पी कार्लोस राऊल व्हिल्यान्वेव्हा यांच्या सांगण्यावरून कॅल्डर यांनी रंगीत ढगांची योजना केली. सभागृहातील आवाज नीट ऐकू यावा म्हणून ध्वनिशास्त्रज्ञांस छताखाली परावर्तक फळ्या हव्याच होत्या. कॅल्डर यांचे ढग हेच त्या फळ्या झाले. छतास व भिंतींस मिळून असे ३१ ढग तेथे आहेत आणि त्यांची उंची व कल ध्वनीच्या गरजेप्रमाणे ठरविलेला आहे. हे ढग वाऱ्याने फिरत नाहीत. परंतु जी वस्तू शोभेसाठी टांगली तीच उपयोगासाठीही राबते, याचे याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण. २००० साली या विद्यापीठनगरीचा समावेश जागतिक वारसास्थळांत झाला.

१९५५ साली कॅल्डर दांपत्य भारतात आले होते, ही गोष्ट आपणांपैकी थोड्यांसच ठाऊक असेल. अहमदाबादच्या गीरा साराभाई यांनी त्यांस निमंत्रण दिले. प्रवासाचा खर्च यजमानांनी करावा आणि पाहुण्यांनी त्या बदल्यात शिल्पे करून द्यावीत, असा हा साधा करार होता. साराभाई कुटुंबाच्या उद्यानगृहात सुमारे तीन आठवडे राहून कॅल्डर यांनी अनेक शिल्पे घडविली. हत्यारे थोडी, साहित्य हाताशी येईल ते. परंतु लहानपणी तळघरात बसणाऱ्या सँडीस याहून अधिक कशाची गरज होती?

१९५७ साली न्यूयॉर्कच्या विमानतळावर त्यांचे सुमारे ४५ फूट रुंदीचे चलशिल्प टांगले गेले. त्याच्या पत्र्याची जाडी इंचाचा आठवा भाग, म्हणजे दशांशात ०.१२५ इंच, तीच त्या शिल्पाचे नाव ठरली. पुढील वर्षी पिट्सबर्ग येथील आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात त्यांच्या एका प्रचंड काळ्यापांढऱ्या चलशिल्पास पहिले पारितोषिक मिळाले. एका धनिकाने ते विकत घेऊन तेथील विमानतळासाठी दान केले. पण दान घेणाऱ्यांस ते समजले नाही. त्यांनी त्यास जिल्ह्याच्या निशाणाचा हिरवा-सोनेरी रंग फासला, त्याचे मोकळे सांधे जखडले आणि यंत्र लावून ते फिरविले. कॅल्डर यांनी निषेध केला; परंतु त्यांच्या हयातीत ऐकले कोणी नाही. त्यांच्या मृत्यूनंतर शिल्पाचा मूळ रंग आणि मूळ तोल त्यास परत मिळाला. एखाद्या वस्तूवर प्रेम असणे पुरेसे नाही. तिचा स्वभाव ओळखणेही अवश्य असते, हे या प्रकारावरून ध्यानात येते.

आयुष्याच्या अखेरीस त्यांच्यापुढे मोठीच अडचण उभी राहिली. वॉशिंग्टन येथील राष्ट्रीय कलादालनाच्या नव्या इमारतीतील भव्य चौकासाठी त्यांनी चलशिल्पाचा लहान नमुना करून दिला. पण नमुना सर्व बाजूंनी दुप्पट केला तर त्याचे क्षेत्रफळ चौपट होते आणि वजन आठपट! वारा ढकलतो तो क्षेत्रफळावर, आणि हलवावयाचे असते ते वजन. म्हणून आकार वाढवीत गेले की चलशिल्प हळूहळू अचल होऊ लागते. पोलादाचे केले असते तर त्या शिल्पाचे वजन कित्येक हजार पौंड झाले असते आणि त्यास यंत्राचीच गरज पडली असती. तेव्हा पॉल मातीस या कुशल कारागिराने तोड काढली. मधमाशांच्या पोळ्यासारख्या जाळीदार ॲल्युमिनियमवर दोन्ही बाजूंनी पातळ पत्रा चढवून त्याने पाकळ्या केल्या आणि भरीव दांड्यांऐवजी पोकळ नळ्या वापरल्या. त्यामुळे ७६ फूट रुंदीच्या या शिल्पाचे वजन केवळ ९२० पौंड भरले. १९७७ सालच्या नोव्हेंबरात ते टांगण्यात आले आणि केवळ हवेच्या मंद प्रवाहावर ते फिरू लागले. परंतु ते पाहण्यास कॅल्डर उरले नव्हते. ११ नोव्हेंबर १९७६ रोजी, वयाच्या ७८व्या वर्षी, न्यूयॉर्क येथे त्यांचे देहावसान झाले होते. आदल्याच दिवशी ते एका नव्या शिल्पाचा नमुना घेऊन वॉशिंग्टनला जाऊन आले होते.

त्या नव्या शिल्पाची कथाही सांगितली पाहिजे. त्यात पोलादाचे काळे पर्वत जमिनीवर उभे आणि त्यांवर ॲल्युमिनियमचे काळे ढग टांगलेले, अशी योजना होती. सिनेटच्या कार्यालयाच्या इमारतीत ते १९८६ साली उभे राहिले. मात्र त्यातील ढगांचे वजन सुमारे चार हजार पौंड होते आणि ते यंत्राच्या साह्याने फिरत. यंत्र वारंवार बिघडून बंद पडले. पुढे तपासणीत ढगांच्या बांधणीत दोष आढळले आणि माणसांच्या जिवास धोका नको म्हणून २०१६ साली ते खाली उतरविण्यात आले. पर्वत उरले, ढग गेले. माणसांच्या डोक्यावर टांगलेल्या वस्तूचा हलकेपणा हा केवळ सौंदर्याचा प्रश्न नसून तो जबाबदारीचाही प्रश्न आहे, हे या दोन शिल्पांची तुलना केली म्हणजे स्पष्ट होते.

आपले नवी मुंबई हे शहरही विशाल दालनांचे शहर होत चालले आहे. १९७० सालानंतर आखल्या गेलेल्या या नगरीत वाशी व बेलापूर येथील प्रशस्त रेल्वे स्थानके उभी राहिली आणि ८ ऑक्टोबर २०२५ रोजी येथील आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन झाले. दिवाळीत आकाशकंदील आणि नाताळात कागदी तारा टांगताना आपली मुले दोऱ्याचा तोल पाहतात, पट्टी सरकवतात, पुन्हा पाहतात. उद्या याच दालनांच्या उंच छतांखाली काही सुंदर व निर्धोक टांगावयाचे असेल तर ते काम अशाच मुलांपैकी कोणी करावे, ही अपेक्षा अवास्तव नाही.

यासाठी पालकांस एक विनंती करावीशी वाटते. मुलास अभियंता करावे की कलावंत, या प्रश्नाने अनेक घरी वाद माजतात आणि दहावीच्या निकालानंतर अनेक मुलांची झोप उडते. कॅल्डर यांच्या आईवडिलांनी मुलाच्या भवितव्याची काळजी वाहिली, त्यास विद्या दिली आणि तो चार वर्षे भटकला तरी त्यास टाकून दिले नाही. मुलानेही मिळालेली विद्या फेकून न देता तिच्याच बळावर आपली आवड उभी केली. एका टोकास उपजीविका आणि दुसऱ्या टोकास आवड. दोहोंचे वजन सारखे नसते. ते सारखे करण्याचा हट्ट धरू नये. टांगणबिंदू मात्र योग्य जागी शोधावा. तो पहिल्याच प्रयत्नात सापडत नाही, आणि प्रत्येक मुलाचा निराळा असतो.

आणि विद्यार्थिमित्रहो, तुम्हांसही एवढेच सांगणे आहे. चलशिल्पातील सर्वांत लहान पाकळी सर्वांत दूर असते, पण तिच्यावाचून वरचा सारा डोलारा कलंडतो. आपण लहान आहोत, दूरच्या टोकास आहोत, म्हणून आपली गणती नाही असे कोणीही समजू नये. आपली जागा ओळखून, शेजाऱ्यास जखडून न टाकता, जो आपला भार नीट पेलतो, त्याच्यामुळेच सर्वांचा तोल राहतो.